पेटीत न मिळणारा ट्रक

स्केल मॉडेलच्या दुनियेत ट्रकवाल्यांची तशी चैन आहे. इटलीची इटालेरी, जर्मनीची रेव्हेल, अमेरिकेची एएमटी. व्होल्वो म्हणा, स्कॅनिया म्हणा, लांब नाकाचा पीटरबिल्ट म्हणा. पेटी उघडायची, फ्रेमवरचे भाग कापायचे आणि सोबतच्या पत्रिकेप्रमाणे चिकटवत जायचं. हात बसावा म्हणून मीही आधी असंच एक किट जोडलं. झालं चांगलं, पण कपाटात ठेवल्यावर त्याच्याकडे फारसं बघावंसं वाटेना. असला ट्रक मी आमच्या रस्त्यावर कधी पाहिलेलाच नव्हता. मिरजेत वाढलेल्या माणसाला ट्रक म्हटलं की टाटा १२१० एसई दिसतो. अर्धवट पुढे आलेलं नाक, लाकडी हौदा, मागे लोंबणारे काळे गोंडे, आणि गळीत हंगामात केबिनच्याही वर गेलेला ऊस.

हा ट्रक पेटीत का मिळत नाही, याचं उत्तर तो मुळात कसा बनायचा यातच आहे. युरोपात कारखान्याच्या दारातून ट्रक निघतो तो रंगासकट, सीटसकट. आपल्याकडे कित्येक दशकं कंपनीतून निघायची ती नुसती चासी आणि तिच्यावर पुढचा काऊल, म्हणजे बोनट, जाळी, स्टिअरिंग, मीटर. ड्रायव्हर खोक्यावर बसून, तोंडाला फडकं बांधून, डोळ्यांवर गॉगल चढवून ती उघडीवाघडी चासी शेकडो किलोमीटर चालवत आणायचा. मग ती बॉडीवाल्याकडे जायची. केबिन आणि हौदा मिस्त्रीचा, रंग आणि अक्षरं पेंटरची, आणि केबिनच्या कपाळावर कुठल्या देवाचं नाव घालायचं ते मालकाच्या घरातलं वडीलधारं माणूस ठरवणार. एकाच दिवशी निघालेल्या दोन चासींचे सांगलीत आणि नामक्कलला दोन निराळे ट्रक व्हायचे. तमिळनाडूतलं नामक्कल म्हणजे या धंद्याचं पंढरपूर.

मग साचा काढायचा तरी कुठल्या ट्रकचा? मी ठरवलं की मॉडेलही त्याच क्रमाने करायचं. आधी कंपनी होऊन चासी, मग मिस्त्री होऊन बॉडी, मग पेंटर होऊन रंग, आणि शेवटी मालक होऊन तो वापरून मळवायचा. पुढची सगळी कटकट आणि सगळी मजा या एका निर्णयातून आली.

चासीचं घराणं मात्र पक्कं ठाऊक आहे. टेल्कोने, म्हणजे टाटांच्या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने, १९५४ मध्ये डाइमलर-बेन्झशी १५ वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. १९६९ मध्ये करार संपला, जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि टाटांचा ‘टी’ आला. जुने ड्रायव्हर पुढेही कित्येक वर्षं ‘मर्सिडीज’च म्हणायचे. १२१० मधले १२ म्हणजे मालासकट गाडीचं वजन टनांत, आणि १० म्हणजे शंभराच्या घरातली हॉर्सपॉवर. इंजिनाचं नाव ६९७, कारण सिलिंडर ६ आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. नावातच माप असलेली यंत्रं मला आवडतात. माझं मॉडेल १:२४, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं. ९७ भागिले २४ म्हणजे ४ मिलिमीटर. म्हटलं तर इंजिनही करता आलं असतं. पण मी बोनट बंदच ठेवला. उघडणारं बोनट केलं की बिजागऱ्या प्रमाणापेक्षा जाड दिसतात आणि बंद असताना फट राहते. बाहेरून नीट दिसणारा बंद बोनट मला जास्त पटतो.

मापं घ्यायला एका बॉडीवाल्याच्या शेडवर गेले. भंगारात निघायच्या बेतात असलेला एक १२१० कोपऱ्यात उभा होता. मी टेप काढून मागच्या चाकाशी वाकले तसे तिथले म्हातारे मिस्त्री जवळ आले.

“काय वो ताई, इन्शुरन्सवाल्या काय?”

“नाही मामा. ह्याचं छोटं मॉडेल करायचंय. एवढं.” मी हातांनी लांबी दाखवली.

“एवढुसं? मग टेप कशाला लावताय, अंदाजानं ठोका की.”

“तुम्ही अंदाजानं ठोकता?”

“न्हाई. पर आमचं पोटाचं हाय. तुमचं कशाचं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पुढच्या खेपेला टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं, आणि फोटोत कधीच कळल्या नसत्या अशा गोष्टी सांगायला लागले. चासीवर हौदा थेट टेकवत नाहीत. मध्ये लाकडाची लांब पट्टी जाते आणि तिच्यासकट यू-बोल्ट आवळतात, नाहीतर लोखंडावर लोखंड घासून आवाज करतं आणि बोल्ट ढिले होतात. फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या फळीच्या, खिट्टीला साखळी असते, कारण साखळी नसली तर पहिल्याच खेपेला क्लिनर खिट्टी हरवतो. हौद्याच्या बाहेरून दोर बांधायचे हूक असतात, आणि ते वापरून वापरून खालच्या बाजूला वाकलेले असतात. हे वाकणं मी मुद्दाम वहीत काढून घेतलं.

मामांची मापं फूट, इंच आणि सुतात. त्याचा मला फायदाच झाला. १:२४ हे प्रमाण मुळात फूट-इंचवाल्यांचं, फुटाला अर्धा इंच. आणि खरा एक इंच मॉडेलवर होतो १.०६ मिलिमीटर. म्हणजे ते ‘आठ इंच’ म्हणाले की माझ्या वहीत साडेआठ मिलिमीटर, तोंडी हिशेब. लांब मापांना मात्र कॅलक्युलेटर हवाच. इंचाला मिलिमीटर धरून चाललं तर १७ फुटांचा हौदा जवळपास १२ मिलिमीटर आखूड होतो. सुताचं तर विचारूच नका. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मॉडेलवर ०.१३ मिलिमीटर, जाडसर कागदाएवढी जाडी. तरी मामा सुतापर्यंत सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर टेपवर ४२२५ मिलिमीटरच्या आसपास आलं, म्हणजे माझ्या टेबलावर १७६.

कापाकापीला लागण्याआधी साल ठरवावं लागतं. नवख्यांना ही चैन वाटते, पण साल ठरलं नाही तर पुढे प्रत्येक ठिकाणी अडायला होतं. मी १९९५ धरलं. १९९५ म्हणजे नंबरप्लेट ‘एमएच १०’ ची, पांढऱ्यावर काळी अक्षरं. त्याआधीच्या तीन अक्षरी मालिका १९८९ नंतर नव्या गाड्यांना मिळेनाशा झाल्या होत्या. १९९५ म्हणजे मागच्या फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ बिनधास्त. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ते लिहायला बंदी घातली ती २०१५ मध्ये. टायर नायलॉनचे, रेडियल नाहीत. आणि केबिनमध्ये पंखा असला तर असला. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. त्या ट्रकचं मॉडेल करणाऱ्याला आतला घाम दाखवायची अडचण नाही.

सामान सगळं इथलंच. परदेशी मॉडेलवाले पातळ स्टायरीनच्या पट्ट्या पाकिटातून घेतात. आपल्याकडे प्लास्टिक शीटच्या दुकानात एचआयपीएस शीट मागायची, अर्धा आणि एक मिलिमीटर जाडीची. हे मूळचं तेच प्लास्टिक. ते कापत नाहीत, पात्याने ओरखडा मारून मोडतात, कड आपोआप सरळ येते. जोडायला अ‍ॅक्रिलिकचे बोर्ड करणाऱ्यांकडचं एमडीसी, म्हणजे डायक्लोरोमिथेन. दोन तुकडे एकमेकांना टेकवून धरायचे आणि सांध्यावर ब्रशाने एक थेंब सोडायचा. तो फटीत स्वतःच ओढला जातो, प्लास्टिक विरघळवतो आणि उडून जातो. वास गोडसर असला तरी चीज वाईट आहे. खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने, याशिवाय बाटली उघडायची नाही.

चासीचे दोन लांब बीम इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे, प्रत्येकी तीन पट्ट्यांचे. रिव्हेट उठवायला शिंप्याचं दातेरी चाक फार कामाचं. पट्टीच्या मागच्या बाजूने मऊ रबरावर फिरवलं की पुढे टपोऱ्या ठिपक्यांची ओळ उठते, एकसारख्या अंतरावर.

कमानपाट्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याची मला जराही खंत नाही. दुरून बघणाऱ्याला ते दिसतही नाहीत, पण ट्रक ‘बसलेला’ दिसतो की खेळण्यासारखा ताठ उभा, ते पाट्यांवर ठरतं. प्रत्येक पान अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीचं, वरचं सगळ्यात लांब, खाली उतरत आखूड. पानांची टोकं नुसती चौकोनी ठेवली तर जिना दिसतो. खऱ्या पाट्यात टोक पातळ होत गेलेलं असतं, म्हणून प्रत्येक टोक आधी घासून घ्यायचं, मगच थर लावायचे. सगळी पानं एकावर एक चिकटवून, ओली असतानाच गोल बाटलीवर रबरबँडने आवळून ठेवली की सुकताना बाक धरतात. मागे मुख्य पाट्यावर आखूड हेल्पर पाटा असतो. रिकाम्या गाडीत हेल्पर आणि त्याच्या टेकूमध्ये फट दिसते, भरलेल्या गाडीत तो टेकतो. म्हणजे माल दाखवायचा की नाही हे पाटे करतानाच ठरवावं लागतं. मी ऊस भरायचा ठरवला होता, तेव्हा मुख्य पाटे जवळजवळ सपाट आणि हेल्पर टेकलेला. यू-बोल्ट तांब्याच्या तारेचे, आणि त्यांच्या नटांच्या जागी षटकोनी पट्टीच्या चकत्या.

टायर हे या छंदातलं मोठं दुखणं. किटमधले रबरी टायर युरोपातल्या रेडियलचे, रुंद आणि बसके. १२१० चा टायर ९.००-२०, उंच आणि अरुंद. बाहेरचा व्यास साधारण ४० इंच, मॉडेलवर ४२ मिलिमीटरच्या थोडा वर. बसका टायर लावला की सगळा ट्रक परदेशी दिसायला लागतो, बाकी कितीही बरोबर असो.

इथे माझा रोजचा धंदा उपयोगी पडला. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या, कॅप, ब्रिज. एका लेथवाल्याकडून नायलॉनच्या सळईची एक चकती टायरच्या आकाराला कातून घेतली. पुढच्या चाकांना सरळ गोल रेघांची नक्षी, ती त्यानेच पाडून दिली. मागच्या टायरवर आडवे जाड ठोकळे असतात. ते लेथवर होत नाहीत. मग तशीच दुसरी चकती घेऊन तिच्यावर आम्ही कॅपसाठी वापरतो ते निळं मेण तापलेल्या चाकूने थेंब थेंब सोडलं आणि लेक्रॉनने एकेक ठोकळा कोरला. लेक्रॉन म्हणजे आमचं कोरायचं हत्यार, एका टोकाला पान, दुसऱ्या टोकाला चमचा. दाढेवरचे उंचवटे कोरणाऱ्या हाताला हे अवघड नव्हतं. फक्त दाढा सगळ्या सारख्या नसतात आणि टायरचे ठोकळे सारखे लागतात. तेव्हा परीघ आधी कागदाच्या पट्टीवर भागून घेतला.

त्यावर सिलिकॉनचा साचा, आणि साच्यात थंड पद्धतीने घट्ट होणारं अ‍ॅक्रिलिक, बिनरंगी पावडरीत काळा रंग कालवून. उघड्यावर सुकू दिलं तर त्यात बुडबुडे राहतात. कवळ्या दुरुस्त करताना आम्ही ते प्रेशर पॉटमध्ये ठेवतो, कोमट पाण्यात, सुमारे २ बार दाबाखाली. दाबाने बुडबुडे दिसेनासे होतात आणि माल घट्ट निघतो. टायरही तसेच काढले. पुढे दोन, मागे चार, एक स्टेपनी. डॉक्टरांच्या कवळ्या आणि माझे टायर एकाच भांड्यात शिजत असलेले पाहून लॅबमधली पोरं अजून हसतात. बाहेर काढल्यावर प्रत्येक टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे अर्धा मिलिमीटर घासून सपाट केला. भरलेल्या ट्रकचा टायर खाली थोडा दबलेला असतोच; पूर्ण गोल टायरवर उभा असलेला भरला ट्रक तरंगल्यासारखा वाटतो. स्टेपनी मात्र पूर्ण गोल ठेवायची.

केबिनमध्ये शिरायचं तर मिस्त्री व्हावं लागतं. लाकडी सांगाडा, त्यावर पत्रा. मी सांगाडा काही केला नाही, शीटच्याच भिंती उभ्या केल्या. पण पत्र्याच्या सांध्यावरच्या पट्ट्या आणि खिळ्यांच्या ओळी सगळ्या दाखवल्या. पुढची काच दोन तुकड्यांची, सपाट, मध्ये दांडी. हेडलाइट ७ इंची, म्हणजे साडेसात मिलिमीटरच्या वाट्या. काचेच्या जागी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा फुगीर थेंब, आणि त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग, समोरच्याच्या डोळ्यांवर झोत येऊ नये म्हणून लावायचे तसा. आत रेक्झिनचं अस्तर, स्टिअरिंगला गुंडाळलेली रंगीत वायर, डॅशबोर्डवर देवाची तसबीर, अगरबत्तीचं घर, मागे ड्रायव्हरची निजायची फळी. यातलं निम्मं काचेतून दिसत नाही. तसबीर नाकाच्या रेषेत ठेवली तर दिसते, म्हणून ती तिथे.

हौद्यासाठी सगळे आधी सुचवतात आइस्क्रीमच्या काड्या. लाकूड दाखवायला लाकूडच, यात तर्क आहे, पण फसवा आहे. काडीच्या रेषा चोवीसपट मोठ्या केल्या तर त्या फळीला बोटभर रुंद रेषा येतील, आणि असलं झाड कुठे नाही. त्यापेक्षा शीटची पट्टी जाड काचपेपरवर लांबीच्या दिशेने ओढायची, दोन-चार ठिकाणी पात्याने टोक फाडायचं आणि रंगाने लाकूड करायचं. तळाच्या फळ्या मात्र मी सुताराकडच्या विनियरच्या कातरणातून केल्या, कारण उसाखाली त्या दिसणारच नव्हत्या आणि लावायला सोप्या होत्या.

आता पेंटर. नॅशनल परमिटच्या गाड्यांना रंग कुठला हे मालकाच्या मर्जीवर नव्हतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला मूळ ९० वा नियम वाचला तर मॉडेलवाल्याला आयता नकाशाच मिळतो. गाडी वाळक्या पानाच्या तपकिरी रंगाची, कडेला ३० सेंटिमीटरचा पांढरा पट्टा, आणि दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात ठळक अक्षरांत ‘नॅशनल परमिट’. माझ्या मापात साडेबारा मिलिमीटरचा पट्टा आणि २५ मिलिमीटरचं वर्तुळ. माझा ट्रक हंगामात ऊस आणि एरवी हळद नि बेदाणा घेऊन परराज्यात जाणारा, तेव्हा परमिट हवंच. प्रत्यक्षात रस्त्यावर या तपकिरीच्या विटकरीपासून थेट नारिंगीपर्यंत छटा दिसायच्या. मी थोडा नारिंगीकडे झुकले आणि त्यात किंचित पांढरा घातला. लहान वस्तूवर खरा रंग जसाच्या तसा लावला तर तो गडद आणि जड दिसतो.

रंगांचा क्रम सांभाळावा लागतो. आधी गाड्यांचा करडा प्रायमर, मग ड्युको पातळ पातळ थरांत, कारण पहिलाच थर ओला मारला तर थिनर प्लास्टिकला चावतो. नक्षी आणि मळवणं त्यावर एनॅमलने. एनॅमलवर ड्युको मारला की खालचा रंग सुरकुततो, हे कुठलाही गॅरेजवाला सांगेल.

वर्तुळाचे आणि पट्ट्याचे मास्क मी चौकातल्या रेडियमवाल्याकडून कापून घेतले. नंबरप्लेटसाठीही त्याच्याकडेच गेले होते. नियमाप्रमाणे अक्षराची उंची ६५ मिलिमीटर आणि जाडी १०. म्हणजे माझ्याकडे २.७ आणि ०.४. त्याच्या प्लॉटरने कापायचा प्रयत्न केला, पण एवढी बारीक पट्टी पात्याबरोबरच उचलून येते. मग डिकल पेपर, म्हणजे छापून मॉडेलवर चिकटवायचा पातळ कागद. साध्या प्रिंटरला पांढरा छापता येत नाही, पण पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं असल्याने इथे अडलं नाही. पांढऱ्या डिकल पेपरवर नुसती अक्षरं छापली आणि वर क्लिअर मारला.

मागची नक्षी छापायची नाही हे पहिल्यापासून ठरलं होतं. छापलेली अक्षरं एकसारखी येतात. पेंटरची अक्षरं तशी नसतात; ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ लिहिताना शेवटच्या ‘द’ला जागा कमी पडते आणि तो जरा चेपून बसतो. सावली कायम एकाच बाजूला, पण तिची जाडी हाताच्या दाबाप्रमाणे बदलते. कमळाच्या पाकळ्या एका फटकाऱ्यात, मुळाशी गडद, टोकाला फिकट, कारण ब्रशाच्या एका कडेला गुलाबी आणि दुसऱ्या कडेला पांढरा घेतलेला असतो. तीन शून्याच्या ब्रशाने मी हे करून पाहिलं. ब्रशाच्या दोन्ही कडा भरणं या मापात जमत नाही, म्हणून आधी गुलाबी पाकळी आणि ती ओली असतानाच टोकाला पांढऱ्याचा स्पर्श. जवळून सारखं दिसत नाही, हातभर अंतरावरून दिसतं.

शेवटी मळवणं. इथे परदेशी मॉडेलवाल्यांचं अनुकरण केलं की गडबड होते. त्यांचे जुने ट्रक गंजलेले, रंगाचे पापुद्रे निघालेले. त्यासाठी गंजाचा थर, वर केसांचा स्प्रे, वर रंग, मग ओल्या ब्रशाने खरवडणं अशा युक्त्या आहेत. पण आपला धंद्यातला ट्रक असा दिसतच नाही. तो पासिंगला जायच्या आधी पुन्हा रंगवला जातो, दात पडले तरी पावडर लावून. खालचं खिळखिळं, वरून चकाचक. त्यामुळे केबिनवर गंज जवळजवळ नाही. जुन्या रंगाचे थर, दाराच्या कडेला जाडसर झालेले, आणि त्यावर धूळ. गंज फक्त सायलेन्सरवर, रिमच्या रिंगेवर आणि साखळीच्या कड्यांत.

धूळ खरीच वापरली. रानातली काळी माती वाळवून, खलून, वस्त्रगाळ करून घेतली. कोरड्या ब्रशाने मडगार्डच्या आत, पाट्यांवर, फळ्यांच्या फटीत बसवायची आणि वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडायचे. सुकल्यावर ती धरून राहते. ओली काळी माती वाळली की करडी पडते, तेव्हा टायरला लागलेली माती गडद आणि हौद्याखालची फिकट. डिझेलच्या टाकीच्या तोंडापासून खाली चकचकीत ओघळ, त्याला धूळ चिकटलेली. एवढ्यावर थांबले. मळवायला लागलं की हात थांबत नाही, म्हणून त्या दिवशी मातीची डबी कपाटात वर ठेवून दिली.

सध्या टेबलावर ऊस आहे. कांड्याची जाडी इंच-सव्वा इंच, म्हणजे माझी काडी सव्वा मिलिमीटरची. लांबी सात-आठ फूट, म्हणजे नव्वद-शंभर मिलिमीटर. खराट्याच्या काड्या मधल्या भागात नेमक्या एवढ्याच जाड असतात. पेरं दाखवायला दर पाच मिलिमीटरवर पात्याने बारीक खाच आणि खाचेखाली पांढुरक्या मेणाचा पट्टा. अशा शेकडो काड्या, मग त्यांच्या मोळ्या, वर वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांचे, बंद. हौद्यात सगळ्यात आधी वायर रोप अंथरायचे, कारण कारखान्याच्या गव्हाणीवर क्रेन त्यांनाच धरून अख्खा ऊस उचलते. त्यांची टोकं बाहेर लोंबत राहिली पाहिजेत.

पहिली मोळी रंगवून सासऱ्यांना दाखवली. त्यांची सगळी हयात उसात गेलेली. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “हा कुठल्या जातीचा?”

“८६०३२. आपल्याच रानातलं कांडं समोर ठेवून रंगवलाय.”

“आणि गाडी कुठल्या सालातली म्हणालीस?”

“९५.”

“मग हा नाही चालायचा. ८६०३२ ची शिफारस ९६ ला झाली. त्याच्या आधी आमच्याकडं ६७१ होता.”

६७१ शेजारच्या रानात अजून थोडा आहे. हंगाम सुरू झाला की त्यातलं एक कांडं आणायचं आणि रंग त्याच्यावरून जुळवायचा. तोपर्यंत वायर रोप वळून ठेवते.